बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

हजेरीपुस्तकात तिचं रीतसर नाव आहे, पण इस्पितळात कोणी त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघेलच याची खात्री नाही. सगळे तिला पट्टीबाई म्हणतात. एप्रनच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी, एक प्लास्टिकची पट्टी कायम खोचलेली असते. पोरांच्या कंपासपेटीत असते तसलीच, आरपार दिसणारी, पंधरा सेंटिमीटरची. आकडे पुसट होत आलेत तरी ती बदलत नाही आणि मागितली तर कोणाला देतही नाही. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने गंमत म्हणून त्या पट्टीने पाठ खाजवली. त्यानंतर दोन आठवडे प्रयोगशाळेतून त्याला चहाची हाक गेली नाही.

"माझं काम लघवीचं," असं ती नव्या माणसाला सरळ सांगते. समोरचा बावचळला की तिला मनातून बरं वाटतं.

तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. बाहेरच्या खोलीला खिडकी, खिडकीला सरकती काच, काचेतून बाटल्या आत येतात. पट्टीबाईच्या आयुष्यातला निम्मा दम त्या खिडकीत गेलेला आहे. "पहिली थोडी सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची, शेवटची परत सोडून द्यायची," हे वाक्य तिने किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. तरी लोक आपल्याच तालात. कोणी मुरांब्याची बरणी घेऊन येतं. एका गृहस्थाने अत्तराच्या बाटलीत नमुना आणला होता, आणि वर बाटली परत मिळेल का म्हणून विचारलं होतं. एका आजोबांना तिने सकाळची पहिली आणा म्हटलं, तर ते म्हणाले, "कालच्या सकाळची चालेल का? आज जरा घाई होती."

या सगळ्यानंतर ती एक प्रश्न न चुकता विचारते. "नमुना द्यायच्या आधी घरात कुठली गोळी घेतलीत का?" नव्वद टक्के लोक नाही म्हणतात. त्यातले निम्मे खोटं बोलतात, आणि ते खोटं तिला चेहऱ्यावरून कळतं. मग ती त्यांना फैलावर घेते. खिडकीवर तिच्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका, उरलेल्या गोळ्या साठवू नका. अक्षर ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेल्या.

आतल्या खोलीत तिचं खरं राज्य. तारेच्या बारीक कडीने लघवीचा एक थेंब उचलायचा, काचेच्या उथळ झाकणीतल्या थिजलेल्या खळीसारख्या पदार्थावर नागमोडी ओढायचा, आणि झाकणी उबवणीच्या कपाटात ठेवायची. कपाट आतून माणसाच्या अंगाइतकं गरम. दुसऱ्या दिवशी झाकणीवर जंतूंचे ठिपके उगवलेले दिसतात. ते ठिपके पाण्यात कालवून नव्या झाकणीवर एकसारखे सारवायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. एका टिकलीत एक औषध. आणखी एक दिवस थांबायचं. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. मग पट्टीबाई पट्टी काढते, एक डोळा मिटते आणि गोल मोजते. अठरा, बावीस, पंचवीस.

गोल नसेल, जंतू अगदी टिकलीला खेटून वाढले असतील, तर ती सहा लिहिते. टिकली स्वतःच सहा मिलिमीटरची असते. सहा म्हणजे औषधाचा काडीचा उपयोग नाही. ती नोकरीला लागली तेव्हा हा सहाचा आकडा महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा लिहावा लागे आणि सगळे जमून बघत. आता रोज लिहावा लागतो आणि कोणी खुर्चीतून उठत नाही.

घरी ती आणि थोरली बहीण, दोघीच. आईवडील लवकर गेले. थोरलीने शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवून धाकटीला शिकवलं, प्रयोगशाळेच्या कामाची परीक्षा द्यायला लावली, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याबद्दल दोघींत कधी बोलणं झालं नाही. थोरली अजूनही शिवते. यंत्र खिडकीपाशी, पायाशी कापडांचे गठ्ठे, गळ्यात टेप. साठी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवते आणि धाकटीकडे बघून नाक उडवते.

तिला एक वाईट खोड. कामाला बसली की उठायचं नाव नाही. "ताई, लघवीला जाऊन ये आधी," पट्टीबाई बजावते. "एवढी बाही लावते आणि उठते," थोरली म्हणते. बाही होते, मग कॉलर निघते, कॉलर होते, मग काज राहिलेली असतात. पाणीही पीत नाही, कारण पाणी प्यायलं तर उठावं लागेल. याचा परिणाम व्हायचा तोच होई. वर्षातून तीन-चार वेळा जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगात कणकण.

आणि मग डबा उघडे.

तो डबा मुळात बिस्किटांचा, पत्र्याचा, गोल. थोरली त्यात बटणं ठेवी. थोरलीला काहीही टाकवत नसे. कापडाची बोटभर पट्टी उरली तरी ती गुंडाळून ठेवणार. तशाच गोळ्याही ती ठेवू लागली. पाच दिवसांचं औषध, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, मग उरलेल्या वाया कशाला घालवायच्या? शेजारणीचा मुलगा बरा झाला, तिनेही उरलेल्या चार आणून दिल्या. "तुमच्याकडे असू देत, तुमच्या घरात जाणकार आहे." थोरली कात्रीने पाकिटाचे तुकडे करी, एकेक गोळी सुटी, कडा नीट गोल कापलेल्या, म्हणजे बोटाला टोचायला नको. त्यात औषधाचं नाव निम्मं कापलं जाई. पण पट्टीबाईला नावाची गरज नव्हती. पिवळी कॅप्सूल कुठली, लांबट पांढरी कुठली, गुलाबी चपटी कुठली, हे ती झोपेतही सांगेल. तीस वर्षं तिने तीच औषधं टिकल्यांच्या रूपाने हाताळली होती.

"आज कुठली घेऊ गं धाकटे?" थोरली विचारायची.

"पांढरी घे. दोन दिवस. गेल्या वेळी पिवळी झाली होती."

हे असं सात-आठ वर्षं चाललं. जी बाई खिडकीत लोकांना सोलून काढते, तीच घरी बटणांच्या डब्यात बोट घालून गोळ्या निवडते, हे तिला दिसत नव्हतं का? मला विचाराल तर दिसत होतं, पण तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. खिडकीबाहेरचे लोक अडाणी होते, ती जाणकार होती. शिवाय त्यात एक सुख होतं. जन्मभर थोरलीने दिलं आणि हिने घेतलं. या एका बाबतीत थोरली हात पुढे करायची आणि हिने द्यायचं. ते सुख तिला सोडवत नव्हतं.

एका खेपेची जळजळ मात्र पांढरीने गेली नाही. मग दोन दिवस गुलाबी झाली. तिच्यानेही गेली नाही. सोमवारी सकाळी थोरली यंत्रावर बसली आणि तिच्या हातून शिवण वाकडी गेली. पट्टीबाईने हे पाहिलं आणि चरकली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. थोरली हुडहुडत होती, दात वाजत होते, आणि उजव्या कुशीला हात लावू देत नव्हती.

रिक्षाने दोघी इस्पितळात आल्या. बायकांच्या वॉर्डात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती. पट्टीबाईवर तिचा भारी विश्वास. पट्टीबाईचा रिपोर्ट आला की डॉक्टरीण दुसऱ्यांदा विचारत नसे. तिने थोरलीला तपासलं, पाठीवर हलकेच थाप मारून पाहिली, थोरली कळवळली.

"संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला दिसतोय," डॉक्टरीण म्हणाली. "लघवी तपासायला पाठवू, पण रिपोर्ट यायला दोन दिवस, ते पट्टीबाईंना मी काय सांगणार. तोवर अंदाजाने इंजेक्शन सुरू करते. मला एवढं सांगा आजी, गेल्या वर्षभरात अशा त्रासासाठी काही गोळ्या घेतल्यात का? घरच्या घरी?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. अंगात ताप फणफणलेला, पण नजर लख्ख होती.

"छे हो बाई," ती म्हणाली. "ही एवढी शिकलेली घरात. मला गोळीला हात लावू देत नाही."

डॉक्टरीण हसली. "ते आहेच म्हणा. तुमच्या बहिणीने खिडकीत भल्याभल्यांना रडवलंय." आणि तिने कागदावर लिहिलं, आधी औषध नाही. लिहून पुढच्या खाटेकडे गेली.

पट्टीबाई तिथेच उभी होती. एका वाक्याचं काम होतं. तोंडात शब्दही आले होते, आणि तिने ते गिळले. तिला लाज वाटली, एवढंच कारण. दुसरं काही शोधून उपयोग नाही. तीस वर्षांची पत, खिडकीवरचा तो दोन रेघांचा कागद, आणि समोर आपल्यावर विश्वास ठेवणारी लेकीच्या वयाची डॉक्टरीण. अंदाजाचं इंजेक्शन लागूही पडेल, तिने मनाशी म्हटलं, पडतंच बहुतेक वेळा. ते कुठलं इंजेक्शन आहे हे तिने बाटलीवर वाचलं होतं. डब्यातल्या लांबट पांढऱ्या गोळीच्याच घराण्यातलं होतं.

थोरलीचा नमुना घेऊन ती खाली आली. कडी जाळून लाल केली, गार होऊ दिली, थेंब ओढला, झाकणी कपाटात ठेवली. झाकणीवर आकडा लिहिताना तिचा हात स्थिर होता, याचा तिला राग आला.

मंगळवारी सकाळी सातला तिने कपाट उघडलं. झाकणी ठिपक्यांनी भरून गेली होती. आतड्यात राहणारा नेहमीचाच जंतू, वाट चुकून मूत्रमार्गात शिरलेला. त्याच्यात नवल काहीच नव्हतं. तिने ते ठिपके कालवले, नव्या झाकणीवर सारवले, टिकल्यांच्या नळ्या काढल्या. चिमट्याने एकेक टिकली ठेवू लागली. पहिली पिवळ्या कॅप्सूलची. दुसरी पांढरीची. तिसरी गुलाबीची. तिसरी ठेवताना चिमटा थांबला. आपण काय करतोय हे तिला तेव्हा समोर दिसलं. उद्या ही झाकणी जे सांगणार आहे ते आपल्याला आजच ठाऊक आहे. वर मात्र ते कोणालाच ठाऊक नाही.

उरलेल्या टिकल्या तिने ठेवल्या, झाकणी कपाटात सरकवली आणि वर गेली.

थोरलीचा ताप उतरला नव्हता. इंजेक्शनचे दोन डोस होऊन गेले होते. रक्तदाब खाली आला होता, हातपाय गार पडले होते, आणि ती काहीतरी असंबद्ध बोलत होती, कॉलरीला अस्तर कमी पडलंय असं काहीसं. रात्रपाळीची नर्स सलाईनचा वेग वाढवत होती. डॉक्टरीण नुकतीच आली होती आणि कागद चाळत होती.

"डॉक्टर," पट्टीबाई म्हणाली, "काल ताई खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. सात-आठ वर्षं ती गोळ्या घेतेय. मी देतेय."

डॉक्टरिणीने कागदावरून मान वर केली.

"कुठल्या?"

पट्टीबाईने सांगितलं. रंगाने नाही, नावाने. कुठली किती वेळा, दर वेळी किती दिवस, शेवटची कधी. गेल्याच आठवड्यात पांढरी झाली आणि मग गुलाबी, आणि दोन्हींनी फरक पडला नाही, हेही. खिडकीत लोक अडखळत सांगतात तशी ती अडखळली नाही. सगळं क्रमाने सांगितलं, आणि सांगताना आवाज फाटला तो शेवटी एकदाच.

तिला वाटलं होतं, डॉक्टरीण आता बोलेल. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण डॉक्टरिणीने फक्त लिहून घेतलं, "म्हणजे कालचं चालणारच नाही," असं स्वतःशीच म्हणाली आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. राखीव इंजेक्शन कुलपात असतं, मोठ्यांच्या सहीशिवाय निघत नाही, कारण तेही असंच वाटत सुटलं तर उद्या कुलपात ठेवायला काही उरणार नाही. सही झाली. साडेआठच्या आत नवं इंजेक्शन सलाईनमधून जाऊ लागलं.

तो दिवस पट्टीबाईने खाली खिडकीत काढला. लोक येत होते, बाटल्या देत होते. मधली धार, सकाळची पहिली, सगळं ती सांगत होती. गोळी घेतलीत का, हा प्रश्न मात्र दिवसभर तिच्या तोंडून निघाला नाही. तासातासाने ती वर जाऊन थोरलीच्या पायाला हात लावून येई. दुपारी पाय गारच होते. चारला कोमट वाटले, पण तिने स्वतःच्या हातावर भरवसा ठेवला नाही, नर्सला हात लावून बघायला सांगितलं. "ऊब आहे," नर्स म्हणाली.

बुधवारी सकाळी तिने झाकणी बाहेर काढली, उजेडात धरली, पट्टी काढली. पिवळीच्या टिकलीभोवती जंतू अगदी खेटून. सहा. पांढरी, सहा. गुलाबी, सहा. सोमवारचं इंजेक्शन, सहा. राखीव इंजेक्शनभोवती तेवढा स्वच्छ गोल होता, तेवीसचा. आणखी एका जुन्या औषधाभोवती एकोणीस. डब्यातलं तेवढंच एक औषध असं होतं जे थोरलीला कधी दिलं नव्हतं, कारण त्याने मळमळतं असं ती ऐकून होती. तिने ओळीने आकडे लिहिले. रोज लिहायची तसेच. लिहून झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि रडली, आणि रडताना झाकणीवर झाकण घालायला विसरली नाही.

रिपोर्ट तिने स्वतः वर नेला. डॉक्टरिणीने आकड्यांवरून बोट फिरवलं.

"सगळं त्या डब्यामुळेच, असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. "असा जंतू बाहेरूनही येऊ शकतो. हल्ली कधीही गोळी न घेतलेल्या माणसांतही सापडतो."

"पण डब्याने मदत केली."

"हो," डॉक्टरीण म्हणाली. "दर वेळी मरण्यासारखे होते ते मेले. न मरणाऱ्यांना जागा मोकळी झाली."

"आणि सोमवारीच सांगितलं असतं तर?"

डॉक्टरीण म्हणाली, "एक दिवस वाचला असता."

पट्टीबाईने मान हलवली. खोटं सांगितलं नाही याबद्दल तिला त्या पोरीविषयी आदर वाटला.

थोरली बारा दिवस इस्पितळात होती. जीव वाचला. उजव्या मूत्रपिंडावर डाग राहिला, तो राहणार आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागणार आहे. शुद्धीवर आल्यावर तिने सगळं ऐकलं आणि भडकली.

"मी झाकलं होतं ना? तू कशाला उघडं केलंस? आता तुला तिथे कोणी विचारेल का?"

"तू झाकलंस आणि मी झाकू दिलं, ताई. मरत होतीस तू."

"मरत होते तर मरत होते. तुझं नाव तरी राहिलं असतं."

पट्टीबाईने थोरलीचा हात धरला. सुईने खडबडीत झालेली बोटं तिच्या बोटांत होती. थोरलीने थोड्या वेळाने हात सोडवून घेतला आणि पाणी मागितलं. पेलाभर पाणी तिने आपण होऊन मागितलं, हे कित्येक वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं.

घरी आल्यावर डबा दोघींनी मिळून पलंगावर उपडा केला. सदतीस गोळ्या आणि दोनशेवर बटणं. गोळ्या पट्टीबाईने पिशवीत भरून इस्पितळाच्या औषधालयात नष्ट करायला दिल्या. बटणं पुन्हा डब्यात गेली. यंत्राशेजारी आता दोन तासांनी वाजणारं घड्याळ असतं. ते वाजलं की थोरली त्याला शिव्या घालते, पण बाही अर्धी सोडून उठते.

इस्पितळात चार दिवस कुजबुज झाली. मग लोकांना दुसरा विषय मिळाला. खिडकीवरचा कागद तिने काढला नाही, काढायचं कारणही नव्हतं, लिहिलेलं खरंच होतं. पण परवा एक बाई तिच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी पोटाशी हात धरून, ओठ दाबून उभी. पट्टीबाईने बाटली घेतली, चिठ्ठी चिकटवली आणि विचारलं, "आधी घरात कुठली गोळी घेतली का?"

"नाही हो, काही नाही," आई पटकन म्हणाली. मुलीने खाली बघितलं.

पूर्वीची पट्टीबाई असती तर काच दणकन सरकली असती. हिने पट्टी खिशातून काढली, पुन्हा खिशात ठेवली आणि काचेतून थोडी पुढे वाकली.

"माझ्या बहिणीनेही डॉक्टरांना हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि तिला गोळ्या मी देत होते."

मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. मग बाईने पर्स उघडली, रुमाल बाजूला सारला आणि पाकिटाचा एक कापलेला तुकडा काढून काचेखालून आत सरकवला.